शिवणीतली माया

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास दाराची बेल वाजली. मागचे आवरून, उद्याची मटकी भिजत घालून मी नुकतीच टेकले होते. एवढ्या रात्री कोण आले म्हणून दार उघडले, तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी! हातात टॅबलेट आणि डोळे लाल.

"ताई, मी फार मोठा घोळ करून बसलेय," एवढेच म्हणाल्या आणि कोचावर मटकन बसल्या.

मैत्रिणींनो, या वहिनींची थोडी ओळख करून द्यायला हवी. मुलगा शिकायला बेंगळुरूला गेला आणि जाताना आपला जुना टॅबलेट व त्याची पेन्सिल घरी ठेवून गेला. घर एकदम रिकामे. दुपारी करमेना, म्हणून वहिनींनी त्यावर रेघोट्या ओढायला सुरुवात केली. मुळात रांगोळीचा हात. ठिपक्यांची म्हणा, गालिचा म्हणा, आमच्या सोसायटीत त्यांच्यासारखी कुणाची नाही. सहा महिन्यांत त्या बाराशाच्या, मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या पत्रिकांवर चित्रे काढून देऊ लागल्या. पहिल्या कमाईचे पाचशे रुपये कितीतरी दिवस देव्हाऱ्यातल्या डबीत होते. "आधी वाटलं, खर्चच करू नयेत," असे मला म्हणाल्या होत्या. चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या हाताने मिळवलेले पहिले पैसे! तुमच्यापैकी पुष्कळजणींना ते वेगळे सांगायला नको.

तर घोळ असा झाला. डहाणूकर कॉलनीतल्या एका घरातून काम आले होते. आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन. पत्रिकेवर आजी-आजोबांचे चित्र हवे, जुन्या वाड्यातल्या झोपाळ्यावर बसलेले. वाडा तर केव्हाच पडला. दोन-तीन जुने फोटो आणि आजींनी तोंडाने केलेले वर्णन एवढ्यावर वहिनींनी चित्र उभे केले. झोपाळ्याच्या पितळी कड्या, मागे तुळशीवृंदावन, आजोबा बोळक्या तोंडाने हसताहेत आणि आजींचा हात त्यांच्या खांद्यावर. फोटोत त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता. वहिनींनीच तो ठेवला. घरची माणसे खूष झाली, पत्रिका छापून आल्या, आणि समारंभाला आठ दिवस असताना आजोबा झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन. "तेराव्याला ठेवायला नुसतं बाबांचं चित्र मोठं करून द्याल का? तसं हसणं आमच्याकडच्या एकाही फोटोत नाही हो." वहिनींनी लगेच हो म्हटले. टॅबलेट उघडला आणि त्यांच्या पोटात गोळा आला.

आता हे चित्राचे शास्त्र मला वहिनींनी सांगितले तसेच सांगते. टॅबलेटवरचे चित्र एका कागदावर नसते. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे त्याचे थर असतात. त्यांना लेयर म्हणायचे. सर्वांत खाली भिंत, तिच्यावर वृंदावन, मग झोपाळा, मग आजोबा, त्यांच्यावर आजी आणि आजींचा हात. आजोबांचा खांदा हाताखाली झाकलेला असला तरी खालच्या कागदावर तो पुरता काढलेला असतो. वरचा कागद उचलला की खांदा जिथल्या तिथे! चित्र पुरे झाल्यावर हे सगळे कागद एकत्र चिकटवून टाकता येतात. मग फाइल हलकी होते, टॅबलेट अडखळत नाही. वहिनींनी ते सगळे चिकटवले. वर आणखी एक केले. टॅबलेटमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळ फाइलच काढून टाकली. "पत्रिका तर छापून झाल्या, आता कशाला हवी?"

उरले काय, तर मुलीला फोनवरून पाठवलेला चित्राचा फोटो. लांबीला जेमतेम १६०० ठिपके. छापखान्यात नीट छापायला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे हे चित्र सव्वापाच इंचांच्या पलीकडे जाईना. त्यांना फ्रेम हवी होती १२ बाय १८ इंचांची. तिला ३६०० बाय ५४०० ठिपके लागतात. आणि ठिपक्यांचे एक वेळ राहू द्या, आजींना बाजूला केले की आजोबांच्या खांद्यावर हाताच्या आकाराचे भोक. कारण चिकटवलेल्या चित्रात हाताखाली खांदा नसतोच. तिथे फक्त हात असतो.

मला टॅबलेटमधले ओ की ठो कळत नाही. पण त्या बोलत होत्या तेव्हा मला सारखे आमचे शिवणाचे बाई आठवत होते. ब्लाउज शिवताना बाजूच्या शिवणीत बोटभर माया ठेवलीच पाहिजे असा त्यांचा दंडक. आम्हा नव्या मुलींना ती माया म्हणजे आतला गबाळा वाटायचा. एकीने नीटस दिसावे म्हणून ती शिवणीलगत कापून टाकली. वर्षभरात अंग भरले, आणि ब्लाउज चांगला असूनही भांडीवालीच्या गाठोड्यात गेला. उसवायला जागाच नव्हती ना! वहिनींनी तेच केले होते. चित्राची माया कापून टाकली होती.

हे थर जपण्याचे प्रकरण काही टॅबलेटबरोबर जन्माला आलेले नाही. तुमच्या आजोळी राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर असेल. ती छापली जायची दगडावर. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. पुण्याहून लोकलने जाताना लागते ते मळवली. तिथे जर्मन कारागीर होते, आणि नंतर त्यांच्यातल्याच श्लायशर नावाच्या गृहस्थांनी छापखाना विकत घेतला. या छपाईत एकेका रंगाला वेगळा दगड लागतो. पिवळ्याचा एक, गुलाबीचा एक, निळ्याचा एक, असे कितीतरी दगड एकाच कागदावर पाळीपाळीने उमटवायचे, तेव्हा कुठे लक्ष्मीच्या साडीचा तो रंग येतो. एखादा दगड केसभर सरकला की ओठांचा रंग ओठांबाहेर. आपल्या आज्या-पणज्या तर त्याच्याही पुढे गेल्या. घरी आलेल्या छापील लक्ष्मीला त्यांनी जरीचा काठ आणि टिकल्या लावल्या, म्हणजे आपला आणखी एक थर दिला.

पण दगड महाग आणि जड. म्हणून शिळाछापाच्या कारखान्यांतून एक चित्र छापून झाले की दगड घासून गुळगुळीत करायचे आणि त्यावर पुढचे चित्र काढायचे, अशी सर्रास रीत होती. जागा हवी म्हणून घासले, वहिनींनी केले तस्सेच! मळवलीचा कारखाना १९७२ साली आगीत सापडला. घराघरांतल्या तसबिरी राहिल्या, पण तसबिरीवरून दगड परत करता येत नाही.

आणि आगीवरून आठवले म्हणून सांगते. आमच्या कोथरूडातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची फिल्म साठवायची थंडगार कोठारे आहेत. पौड रोडला भाजी घ्यायला जाणाऱ्या किती बायकांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. हे संग्रहालय १९६४ साली पुण्यात सुरू झाले आणि पी. के. नायर या गृहस्थांनी त्यासाठी गावोगाव हिंडून डबे गोळा केले. तिथले लोक सांगतात की थिएटरात फिरून ओरखडे पडलेली प्रत वेगळी आणि मूळ निगेटिव्ह वेगळी. प्रतीवरून प्रत काढत गेले की प्रत्येक वेळी चित्र थोडे विटते. निगेटिव्ह असली की पुन्हा नवीकोरी प्रत निघते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पुरता पाहायला मिळत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी रिळे गेली. तेव्हा वहिनींना मी म्हटले, "तुमचा घोळ घरगुती आहे हो. मोठ्यामोठ्यांचे याहून मोठे झालेत." त्यांना हसू आले नाही, पण चहा घेतला.

त्यानंतर आमच्या बैठका झाल्या, मुलाला बेंगळुरूला फोन झाले. त्यातून जे कळले ते, तुमच्या घरात कुणी असे काम करत असेल म्हणून सांगते. हल्ली पुष्कळ घरांत करतात. भाची म्हणू नका, सून म्हणू नका, आमच्या भिशीतल्या दोघीजणी मोबाइलवर मेंदीचे नमुने काढतात.

पहिली गोष्ट म्हणजे आपले काम आणि गिऱ्हाइकाला दिलेले काम या दोन वेगळ्या फाइली. थर असलेली मूळ फाइल आपल्या घरात राहील. गिऱ्हाइकाला जाईल ती चिकटवलेली प्रत. चिकटवायचे झाले तर आधी फाइलची नक्कल काढायची आणि नकलेवर चिकटवायचे, मूळ फाइलीवर कधीही नाही. टॅबलेटवर मोठा कागद घेतला की थरांची संख्या कमी मिळते, 'आता आणखी थर नाही' असे यंत्र सांगते, आणि मग चिकटवावेच लागते. हरकत नाही. पण नक्कल आधी.

प्रतींचे प्रकार ओळखायला शिका. जेपेग म्हणतात ती फोटोची फाइल सपाट असते. वर ती हलकी करताना बारकावे टाकून देते, आणि पुन्हा उघडून बदलून साठवली की पुन्हा थोडे टाकते. पीएनजी बारकावे टाकत नाही, पण तीही सपाटच. थर राहतात ते त्या-त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या फाइलीत. प्रोक्रिएटची आपली असते, क्रिटाची आपली, आयबिसपेंटची आपली. शिवाय पीएसडी म्हणून एक प्रकार आहे, फोटोशॉपचा. तो इतर पुष्कळ अ‍ॅपही उघडतात. त्या फोटोशॉपमध्येसुद्धा ही थरांची सोय १९९४ साली आली. त्याआधीचे चित्रकार कसे सांभाळत असतील ते त्यांनाच माहीत. मुलाचा सल्ला असा की अ‍ॅपची एक फाइल ठेवायची आणि जोडीला एक पीएसडी. उद्या अ‍ॅप बंद पडले, टॅबलेट बदलला, तरी दुसरीकडे उघडेल. पीएसडीत एखाददुसऱ्या थराची रंगत थोडी बदलते कधीकधी. पण चित्र मोडत नाही.

'मागे जा'चे बटण असते ना, त्याला अनडू म्हणतात, त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. वहिनींचा समज असा की यंत्राला सगळे आठवते. प्रोक्रिएट अडीचशे पायऱ्यांपर्यंत मागे नेते म्हणे, फोटोशॉप एरवी पन्नास. पण चित्र बंद करून बाहेर आलात की त्या पायऱ्या पुसल्या. सकाळी उघडाल तेव्हा यंत्राला काल रात्रीचे काही आठवत नाही. म्हणून काम महत्त्वाच्या टप्प्यावर आले की नक्कल ठेवून पुढे जायचे: कच्ची रेघ झाली, एक प्रत, रंग भरले, एक प्रत. नावात तारीख घाला. वहिनींच्या फाइलींची नावे आधी 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशी होती. वाचून मीही हसले. पण माझ्या फ्रीजमधल्या डब्यांवर तरी कुठे चिठ्ठ्या असतात?

थरांनाही नावे द्यावीत. 'लेयर १७' म्हणजे आजींचा हात की तुळशीची मंजिरी, हे सहा महिन्यांनी देवालाच ठाऊक. 'हात', 'साडीचा काठ', 'सावली' असे साधे मराठीत लिहिले तरी चालते.

आणखी एक युक्ती मला फार आवडली, कारण ती थेट शिवणातली आहे. नको तो भाग खोडरबराने खोडायचा नाही, त्याच्यावर मास्क घालायचा. मास्क म्हणजे झाकण. भाग दिसत नाही, पण आत असतो, पुन्हा हवा असला की झाकण काढले. रंगाचेही तसेच. साडी हिरवीची जांभळी करायची, तर साडीवरच जांभळा ओतू नका. वरून रंग बदलणारा वेगळा थर चढवा. पसंत नाही पडला तर तेवढाच उचलायचा. आपण कात्री लावायच्या आधी कच्चा धावदोरा घालून अंगावर बघतो, त्यातलाच प्रकार.

अक्षरांची एक वेगळीच डोकेदुखी आहे. पत्रिका मराठी, आणि आपल्याकडे कित्येक वर्षे श्रीलिपीसारख्या, म्हणजे आपल्या पुण्यातच झालेल्या, अक्षरसंचांवर कामे झाली. अशी जुनी फाइल तो संच नसलेल्या यंत्रावर उघडली की 'चि. सौ. कां.' च्या जागी चिन्हांची मिसळ दिसते. आता युनिकोडची अक्षरे वापरली तर मजकूर तरी वाचता येतो. तरीसुद्धा वहिनी आता दोन प्रती करतात. एकीत अक्षरे अक्षरेच ठेवायची, म्हणजे तारीख बदलली तर बदलता येते, आणि दुसरीत त्यांचे चित्र करून टाकायचे, छापखान्यासाठी. मुंजीचा मुहूर्त ऐनवेळी पुढे गेला तेव्हा पहिली प्रत कामी आली.

पाठवतानाची खबरदारी फार साधी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होऊन जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले की आहे तसे पोचते. एवढे माहीत असते तर वहिनींची निम्मी रात्र वाचली असती.

ठेवायचे कुठे? टॅबलेटवर एक, घरातल्या डिस्कवर एक, आणि एक घराबाहेर. गूगलवर १५ जीबीपर्यंत फुकट जागा मिळते, पण त्यातच तुमची पत्रे आणि फोटोही मोजतात, तेव्हा ती पुरत नाही. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली की कधी दगा देईल नेम नाही. उन्हाळ्यात डाळी-तांदळाला ऊन दाखवतो, तशा वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडून पाहाव्यात.

या निमित्ताने कायद्याचेही थोडे कळले, ते मात्र कान देऊन ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढले की त्याचा हक्क आपोआप तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून दिले, आणि दोघांत वेगळे काही ठरलेले नसले, तर पहिला मालक ते काम सांगणारा होतो! चित्रकार नव्हे. मला हे ऐकून रागच आला. म्हणून काम घेतानाच चार ओळी लिहून घ्या की थरांची मूळ फाइल कुणाची आणि चित्र कुठे कुठे वापरणार. चित्रावर आपले नाव सांगण्याचा हक्क मात्र चित्रकाराकडेच राहतो. आणि हल्ली 'हे तुम्ही काढलं, की यंत्राकडून काढून घेतलं?' असे विचारणारेही भेटतात. वहिनींना एका गिऱ्हाइकाने विचारलेच. त्यांनी न बोलता टॅबलेट पुढे केला आणि एकेक थर उचलून दाखवला, पार कच्च्या रेघेपर्यंत. काही अ‍ॅप तर काढतानाची चित्रफीतही आपोआप ठेवतात. प्रोक्रिएट ठेवते, आयबिसपेंट ठेवते, फुकट मिळणाऱ्या क्रिटातही २०२१ च्या अखेरीपासून ती सोय आहे. गिऱ्हाईक मग भावावरही घासाघीस करीना.

आजोबांचे काय झाले, ते राहिलेच. वहिनी दोन रात्री जागल्या. पुन्हा नवे चित्र काढले, मोठे, एकट्या आजोबांचे, खांदा पुरा. यजमानांनी त्या दोन दिवसांत स्वतः डाळ-भात लावला, हेही नमूद करायला हवे. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी फ्रेम घेऊन गेलो. मुलीने डोळ्यांना पदर लावला. आजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले.

"छान झालंय गं," त्या म्हणाल्या. "पण हे फोटोला बसल्यासारखे बसलेत. तिकडे ते माझ्याशी बोलत होते."

वहिनींचा चेहरा उतरला. मग आजींनीच विचारले, की पत्रिकेवरचे ते दोघांचे चित्र तेवढ्याच आकाराचे वेगळे मिळेल का? सव्वापाच इंचांपर्यंत ते स्वच्छ छापले जातच होते! दुसऱ्या दिवशी कर्वे पुतळ्याजवळ छापून आणले. मोठे चित्र दिवाणखान्यात लागले. लहान आजींच्या उशाशी, औषधांच्या डब्याला टेकवून ठेवले आहे.

वहिनींच्या सगळ्या मूळ फाइलींची एक डिस्क आता आमच्याकडे असते. त्यांच्या घरी काही झाले तर आपल्याकडे एक प्रत हवी, म्हणून त्यांनी आणून दिली. माझ्या ब्लाउजच्या कागदी नमुन्यांचा जो पत्र्याचा डबा आहे, त्यात ती ठेवली आहे. डब्यावर मी चिठ्ठी लावली आहे: 'वरच्या वहिनींची चित्रे. पुसू नये.' आमच्या ह्यांनी परवा विचारले, चित्रे पुसायची कशी असतात?